पुसलेली हळद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कुणाच्या घरी हळद असली की मी जायचं टाळतो, एवढं तिला माहीत आहे. कपड्यांना डाग पडतात, असं मी म्हणतो. खोटं आहे ते. ज्यांना सांगायला हवं होतं ते भास्करकाका आता नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो — ऐकून घ्या, बस.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढायची टूम नागपुरात नवीनच होती. बर्डीवरच्या एका स्टुडिओत मी आणि काका त्या कॅसेटी एडिट करायचो, रंग सुधारायचो. काका जवळच्या खापा गावचे. तरुणपणी काळ्यापांढऱ्या फोटोंना हाताने रंग भरायचे — गालावर किती गुलाबी, शालूला किती हिरवा, सगळं नजरेने. पडद्याकडे पाहून म्हणायचे, लाल जास्त झाला गा. आणि झालेलाच असायचा! मला तो दिसायचा नाही. मी डिप्लोमावाला, आणि मलाच दिसू नये? फार डाचायचं हो.

मग मालकांनी ठरवलं की एक स्कोप घ्यायचा, म्हणजे चित्रातला उजेड किंवा रंग मोजून काचेवर दाखवणारं यंत्र. एकच. कोणता, ते आम्ही सांगायचं. काका म्हणाले, वेव्हफॉर्म घ्या. तो उजेड मोजतो. मांडवातल्या हॅलोजनने चेहरे पांढरेफटक होतात आणि तिथे नजर फसते. रंगाचं मी पाहून घेतो. त्यांचं बरोबर होतं. बरोबर आहे हे मला तेव्हाच कळत होतं — हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगा होता, चुकला.

तरी मी वेक्टरस्कोपचा हट्ट धरला. गोल काच, तिच्यावर रंगाचे चमकते ठिपके, आणि माणसाच्या कातडीचा रंग कुठे पडायला हवा ते दाखवणारी एक रेघ. ठिपके रेघेवर आणले की काम झालं. मग काकांच्या नजरेला कोण विचारणार? तेच तर हवं होतं मला. मालकांना त्याची इंग्रजी पुस्तिका वाचून दाखवली. काकांना इंग्रजी येत नव्हतं. वेक्टरस्कोप आला.

ऐन लगीनसराई होती. आठवड्याला चार-चार हळदी हाताखालून जायच्या. कोणती कोणी केली हे कुणी लिहून ठेवत नसे. कामठीच्या एका मुलीची हळद माझ्याकडे आली. काचेवर पाहतो तर ठिपके रेघेपासून लांब. मी बटण फिरवत गेलो, फिरवत गेलो, रेघेवर आणूनच थांबलो. पडद्याकडे पाहिलंच नाही का? पाहिलं असेन. पण भरवसा काचेवर. अहो, नवरीच्या अंगाला हळद लागली होती म्हणून ठिपके लांब होते! एवढी साधी गोष्ट. मी तिच्या अंगावरची हळद घालवली, आणि मांडवातली आंब्याची हिरवीगार पानं पिवळी पाडली. मूळ कॅसेट आमच्या रिवाजाप्रमाणे पुसून पुढच्या लग्नाला गेली होती.

मुलीचे वडील कॅसेट घेऊन आले. मागावर काम करणारा साधा माणूस. चिडले नाहीत, भांडले नाहीत. एवढंच विचारलं, माह्या पोरीले हळद लागलीच नाही का? घरातल्या बायका म्हणे कॅसेट पाहून रडल्या, अपशकुन म्हणाल्या. मालकांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

कॅसेट लावली तसे काका पडद्याजवळ गेले. त्या पिवळ्या पानांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"सुधाकर, मले आठवून नाही राहिलं. खरं सांग गा, हे मीच केलं का?"

"हो काका," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. वर काळजीच्या सुरात म्हणालो, एकदा डोळे दाखवून घ्या.

काकांनी त्या माणसापुढे हात जोडले. त्यानंतर प्रत्येक चित्रापाशी मला विचारू लागले, हा लाल बरा आहे का, हा हिरवा बरा आहे का. मी सांगायचो. ज्याला दिसत नव्हतं तो, ज्याला दिसत होतं त्याला सांगायचा! महिन्याभरात ते काम सोडून खाप्याला निघून गेले. मालकांनी थांबवलं नाही. मीही नाही.

चार वर्षांनी एका लग्नाच्या कामाने खाप्याला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो होतो. काका खुश झाले. अंगणात पपईचं झाड होतं, त्याखाली मला घेऊन गेले. वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मले तर पिवळी दिसून राहिली. पण माह्या डोयाचं काही खरं नाही. तू पाहून सांग."

पपई पिवळीच होती. तेव्हा सांगता आलं असतं. दुसरं कुणी नव्हतं तिथे.

"पिकली आहे काका," एवढंच म्हणालो.

त्यांनी ती तोडली, कापली आणि मोठी फोड मला दिली. मी खाल्ली.