रूथमावशींचा वाफा

छावणीतल्या जुन्या दगडी चर्चमध्ये आता फ्लॅट झालेत. रंगीत काचांच्या खिडक्यांआड कुणाकुणाचे टॉवेल वाळत असतात. भोवतालच्या बागेचा आराखडा माझा. बिल्डरला सगळीकडे हिरवळ आणि मधोमध कारंजं हवं होतं.

खणायला माणसं आली त्या सकाळी, समोरच्या गल्लीतल्या रूथमावशी घरून खुर्ची घेऊन आल्या आणि नेमक्या कारंज्याच्या जागी असलेल्या निशिगंधाच्या वाफ्यात बसल्या. वेदीवरची फुलं वर्षानुवर्षं त्या याच वाफ्यातून नेत आल्या होत्या.

"मावशी, उठा. चर्च विकलं गेलंय," बिल्डर म्हणाला.

"भिंती विकल्यात. फुलं मी लावलीत. मी कुठं विकलीत?"

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हीच सांगा यांना."

मी आराखडा उघडला आणि त्याच्यादेखत कारंज्यावर काट मारली. "वाफा राहील. चालत नसेल, तर दुसरं कुणी बघा."

वाफा राहिला. कागदावर जागेचे मालक बदलतात. पण ज्या मातीत कुणी इतकी वर्षं हात घातलेत, ती माती नव्या मालकाला सहजासहजी ओळख देत नसावी.

काल तिथून जाताना थबकले. सोसायटीने वाफ्यात पाटी रोवली आहे, 'फुले तोडू नयेत.' त्याच पाटीला पिशवी अडकवून रूथमावशी दुसऱ्या चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेसाठी निवांत फुलं काढत होत्या.