मातीतून निघालेली चांदी

लेकीच्या बाळंतपणासाठी मी वसमतहून इंग्लंडला गेले आणि बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. डोक्यावर दाट जावळ. नर्सनं तिला पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून आमच्याकडे दिलं आणि हवा तितका वेळ जवळ ठेवा म्हणाली. नंतर जावयांनी तिला तिथल्या दफनभूमीत, लहान लेकरांच्या कोपऱ्यात पुरलं.

त्यानंतर लेक बोलेनाशी झाली. रडायचीही नाही. मी डिंकाचा लाडू पुढं केला की निमूट खायची. दूध मात्र येतच होतं. ओला झालेला गाऊन ती न सांगता बदलायची आणि मी काही न बोलता धुवायचे.

जावयांना वाटलं, हिला जरा घराबाहेर काढावं. एका दुपारी ते आम्हाला तिथल्या संग्रहालयात घेऊन गेले. एका खोलीत नुसती चांदी होती, जुन्या रोमन लोकांची, कुणाच्या तरी शेतात सापडलेली. ताटं, वाडगे, चमचे. आत्ताच कुणी चिंच लावून घासल्यासारखी लखलखत होती. शांतता सोसेना म्हणून मी उगीच बोलत राहिले, "बघ, ही आपल्या देवघरातल्या पळीसारखीच हाय."

लेक काचेपुढं थांबली. तिथली पाटी वाचून म्हणाली, "लढाईच्या भीतीनं कुणीतरी पुरून ठेवलं असंल म्हणतात, आई. मागून येऊन काढू म्हणून. पण कुणीच आलं न्हाई."

"काहून बरं?"

"कुणाला माहीत." ती बराच वेळ बघत राहिली. "इतकी वर्षं मातीत राहूनबी याला काही झालं न्हाई."

 तिथंच फरशीवर बसून ती मोठ्यानं रडली. लोक वळून बघू लागले. तिथला रखवालदार खुर्ची घेऊन धावत आला, पण ती उठेना. जावई तिच्याशेजारी खाली बसले आणि तेही रडायला लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

परतताना गाडीत तिनं विचारलं, "आई, तू वाळे आणलेत ना?"

मी दचकले. सोनाराकडून घडवून घेतलेले चांदीचे वाळे मी बॅगेच्या तळाशी, साडीच्या घडीत लपवून ठेवले होते.

"तुला कोनं सांगितलं?"

"तू आणल्याबिगर राहशील का?"

घरी आल्यावर मी ते तिच्या ओंजळीत ठेवले. घुंगरू वाजले तशी तिनं मूठ घट्ट आवळली.

जावई हळूच म्हणाले, "उद्या तिच्यापाशी ठेवून येऊ."

"न्हाई," ती म्हणाली. "आता मातीत काहीच न्हाई ठेवायचं."

त्या रात्री ती वाळे उशाशी घेऊन झोपली. दुसऱ्या दिवशी माझ्याशी थोडं बोलली. दूध आटायला मात्र आणखी काही दिवस लागले.

पुढं महिन्याभरानं मी परत आले. वसमतच्या स्टँडवर उतरले, तर आमच्या गल्लीतली एक बाई समोरून आली. तिच्या कानावर काहीच गेलेलं नव्हतं.

"आलात व्हय काकू? काय झालं लेकीला?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं.

"पोरगी," म्हणाले.

"अगं बाई! कोणावर गेली?"

"आईवर."

तिनं माझ्या हातातली बॅग घेतली आणि हसत हसत मला ऑटोपर्यंत सोडायला आली.