इतरांचे पूर्वज आणि आम्ही दोघं

लेकीला फोनवर एक गोष्ट सांगायला घेते आणि तिच्या मागून चार निघतात. "आई, मला ऑफिसला जायचंय!" असं ती ओरडते, तेव्हा कुठे मी थांबते. तुम्हाला काही घाई दिसत नाही. मग ऐका.

आम्ही दोघं नगरचे. मी छत्तीस वर्षं नर्स, शेवटी मेट्रन. आमचे साळवे भूमी अभिलेख कार्यालयात. जुने कागद वाचण्यात हयात गेली. दोघंही रिटायर झालो, आणि आमच्या चर्चने विचारलं, "सीनियर मिशनरी म्हणून दीड वर्ष सिंगापूरला जाल का? लोकांना त्यांच्या घराण्याची माहिती शोधायला मदत करायची." मला रिकामं बसवत नाही. यांना न विचारताच मी हो म्हणून टाकलं!

तिथल्या तोआ पायोह या वस्तीत चर्चच्या वरच्या मजल्यावर एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि दात वाजवणारा एसी. इथे यांना एल्डर साळवे म्हणतात आणि मला सिस्टर साळवे. यांनी पहिल्याच दिवशी डिक्शनरी उघडली आणि तोंड पाडून म्हणाले, "म्हणजे मला म्हातारा म्हणतात!"

मी म्हटलं, "माझं बघा. रिटायर होऊनही सिस्टरच!"

*

पहिले नऊ दिवस कुणी फिरकलं नाही. हे शांतपणे पेपर वाचत बसायचे. मी खोलीत येरझाऱ्या घालायचे. दहाव्या दिवशी म्हटलं, लोक येत नाहीत तर आपण जाऊ. खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत गेले आणि कॉफीच्या स्टॉलवरच्या चिनी आंटीला थेट विचारलं, "तुमच्या आजोबांचं पूर्ण नाव काय? जन्म कुठला?"

आंटीने कॉफीचा मग खाली ठेवला. माझ्या छातीवरचा बिल्ला पाहिला. आणि सगळ्या स्टॉलना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "स्कॅमर आह?"

इथे गल्लोगल्ली पोस्टर लावलेली असतात, अनोळखी माणसाला माहिती देऊ नका म्हणून. बाई नियमाप्रमाणेच वागली! मी तशीच वर पळाले. यांनी पेपरमधून मान वर न करता सल्ला दिला, "आधी स्वतःचं नाव सांगत जा."

दुसऱ्या दिवशी आंटी स्वतः दारात हजर. "रिअली फ्री आह?" म्हणाली, खुर्ची ओढली, आणि एका दमात आजोबा, पणजोबा, त्यांची भावंडं अशी तेवीस नावं घडाघडा सांगितली. यांचे टाइप करून हात दुखले. उठताना म्हणाली, "आता तुझ्या आजोबांचं सांग. मी पण चेक करणार!"

*

निखिल पुण्याचा. सेरंगूनला राहतो, आयटीत मॅनेजर. तो लॅपटॉप उघडूनच आत आला. एक्सेल शीट तयार, वर लाल अक्षरांत डेडलाइन. "काका, आठ पिढ्या हव्यात. शुक्रवारपर्यंत."

हे म्हणाले, "करू या की. आजीचं माहेरचं नाव काय?"

निखिलने खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "एक मिनिट, आईला कॉल करतो." फोन स्पीकरवर टाकला.

पुण्याहून आई म्हणाली, "अरे, मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना आईच म्हणते. माहेरचं नाव कधी विचारलंच नाही बघ. काकूला विचारते." मग काकूला कॉन्फरन्सवर घेतलं. काकूला वाटत होतं सुशीला. आई म्हणाली, सुशीला तर त्यांची बहीण. काकू म्हणाली, बहीण नव्हतीच त्यांना. दोघींची चांगली दहा मिनिटं जुंपली. निखिल एकदा शीटकडे बघतोय, एकदा घड्याळाकडे.

तेवढ्यात फोनमधून तिसराच आवाज आला, बारीक पण खणखणीत:

"अगं, मला विचारा ना! मी इथेच बसलेय!"

*

कर्णिक साहेब बँकेतून निवृत्त झालेले, तीस वर्षं सिंगापुरात, आता इथलेच नागरिक. मरीन परेडला कॉन्डो. ते आणि त्यांच्या मिसेस एक फ्रेम घेऊन आले, आत पिवळा पडलेला मोडी कागद. साहेब म्हणाले, "सनद आहे. दरबारातून आमच्या खापरपणज्यांना मिळालेली. ड्रॉइंगरूममध्ये लावलेली असते. आजवर वाचून घ्यायचा योग आला नाही."

यांना मोडी म्हणजे पाण्यासारखी. चष्मा पुसला, कागदावर वाकले, मग एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा पुन्हा कागदाकडे. मी टेबलाखालून पाय मारला.

"वाचू?" हे म्हणाले.

"अवश्य!" साहेब ताठ बसले.

हे वाचू लागले, "तुम्ही पाठविलेली म्हैस मारकी आहे. दूध काढू देत नाही. मुलीस शिंग लागले. तरी म्हैस घेऊन जाणे. उत्तर सत्वर पाठविणे. कळावे."

मिसेस कर्णिक पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी फ्रेम पुन्हा पिशवीत घातली आणि तडक निघून गेले. मला चार दिवस चैन पडेना. म्हटलं, दुखावला बिचारा माणूस.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन. आवाज अगदी कासावीस. "साळवे, मला झोप नाही हो. म्हैस नेली का परत?"

*

एक गोष्ट माझी स्वतःची.

माझी आजी रूथ. मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेली. तिच्या मागचं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. दिवसभर लोकांचे वंशवृक्ष भरायचे आणि माझ्या पानावर आजीच्या वर नुसते मोकळे चौकोन! यांनी मला न सांगता नगरच्या मित्राला कामाला लावलं होतं. एका दुपारी त्याने जुन्या रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. ओळ एवढीच: "मुलगी. वय अंदाजे सहा. एकटी आली. नाव विचारता रडते." आणि पुढे वेगळ्या शाईत, "रूथ".

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसले. कुठली गाडी, कुठली दिशा, काही बघितलं नाही. शेवटचं स्टेशन आलं की समोरच्या गाडीत बसायचं आणि पुन्हा उलटं. दोन तासांनी यांचा फोन.

"कुठे आहेस?"

"माहीत नाही. गाडीत."

"मग आहेस तिथेच थांब, मी येतो."

"अहो, गाडीत कशी थांबू? ती पळतेय!"

"बरं," हे म्हणाले, "मग तू दमलीस की सांग."

संध्याकाळी परत आले. हे कॉम्प्युटरपुढे बसले होते. आजीच्या पानावर 'जन्मनाव' असा एक रकाना आहे, तो इतके दिवस रिकामा होता. यांनी तिथे लिहिलं होतं, "होतं. सांगितलं नाही."

मी म्हटलं, "राहू द्या तसंच."

*

लक्ष्मी आंटी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी गोंधळले. कांजीवरम साडी, केसांत मोगरा, कपाळाला विभूती, तोंडात तमिळ, आणि चेहरा अगदी चिनी! त्या हसल्या. "सगळे असेच बघतात. मी जन्माने चिनी. दहा दिवसांची असताना तमिळ घरात दिली. त्या काळी पुष्कळ मुली अशा दिल्या जायच्या."

वय चौऱ्याहत्तर. वाढवणाऱ्या आईवर जीव होता, म्हणून ती असेपर्यंत शोधायचं नाव काढलं नाही. आता ती नव्हती. आंटींकडे दत्तकाचा एक कागद होता. त्यावर जन्मदात्या बापाचं नाव आणि एका जुन्या वस्तीचं. ती वस्ती कधीच पाडली गेली होती.

हे म्हणाले, "सावकाश बघू." मला कुठलं सावकाश! इथल्या चिनी लोकांच्या आडनावांप्रमाणे संस्था असतात. त्या आडनावाच्या संस्थेत मी यांना ओढत नेलं. तिथल्या सेक्रेटरींनी कागदाची कॉपी ठेवून घेतली आणि "कळवतो" म्हणाले. मी दर सोमवारी फोन करायचे. पाचव्या सोमवारी ते आपणहून म्हणाले, "सिस्टर, प्लीज, फोन करू नका. सापडली."

सापडली ती थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी. भावंडांतली तेवढीच उरलेली.

भेट आमच्याच खोलीत ठरली. आंटी तासभर आधी आल्या. त्यांनी एक प्रश्न कागदावर लिहून आणला होता: "मलाच का दिलं?" चर्चमधल्या एका मुलीने खाली चिनीत लिहून दिलं. कारण बहिणीला तमिळ येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, आणि आंटींना चिनी येत नव्हतं. आंटी तो कागद उलगडत होत्या, घडी घालत होत्या, पुन्हा उलगडत होत्या. मी तीनदा चहा केला. कुणीच प्यायलं नाही.

दार उघडलं. काठी टेकत बहीण आत आली, मागे तिची मुलगी. आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. तोच चेहरा! एक पँट-ब्लाउजमध्ये, एक कांजीवरममध्ये.

बहिणीने आंटींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी, मोगरा, विभूती. आंटींनी कागद पुढे केला. बहिणीने तो घेतला नाही. तिने आंटींचं मनगट धरलं आणि विचारलं, "सुदाह मकान?"

ही बाजारातली मलय भाषा. जुन्या पिढीत चिनी, तमिळ, सगळ्यांना थोडीथोडी येते. अर्थ एवढाच: जेवलीस का?

आंटींनी हातातल्या कागदाची पुन्हा घडी घातली.

"बेलुम," आंटी म्हणाल्या. अजून नाही.

बहिणीने मनगट सोडलं नाही, तशीच दाराकडे वळली. दोघी लिफ्टमध्ये शिरल्या. बहिणीची मुलगी मागे धावली. मी खिडकीशी गेले, हेही उठून आले.

खाली रस्त्यापलीकडे हॉकर सेंटर. सिग्नल हिरवा झाला. मग लाल झाला. पुन्हा हिरवा झाला. लोक पलीकडे जात होते, अलीकडे येत होते. त्या दोघी मात्र फूटपाथवरच उभ्या होत्या, आणि दोघीही एकाच वेळी बोलत होत्या.