पाटीवरची चूल
ठोसेघरच्या धबधब्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर. फौजेतून पेन्शनवर आलो आणि पहिलं काम काय केलं असेल, तर बायकोची चूल मोडली. तिला दमा. धूर बंद म्हणजे बंद, असं साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. गॅस आला, खोकला कमी झाला, चार पायऱ्या चढल्यावर ती धापा टाकायची थांबली.

मग मला दुर्बुद्धी सुचली. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आमच्या दारावरून पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. म्हटलं, जेवणाची दहा ताटं लावू. 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी लावली, तर काळं कुत्रं फिरकलं नाही. पुढच्या वळणावर एकानं 'चुलीवरचं जेवण' लिहिलं होतं, तिथं उभं राहायला जागा नाही! मीही तसलीच पाटी रंगवून आणली. बायकोला विचारलं नाही. जन्मभर हुकूम सोडायची सवय, दुसरं काय.

पाटी वाचून ती एवढंच म्हणाली, "आवं, आन् चूल कोण पेटवणार?"

"दोन दिसांचाच तर प्रश्न हाय," मी म्हणालो.

तिनं गुमान पडवीत चूल मांडली. पावसात लाकडं ओली, त्यामुळं धूर लय. ती फुंकायची, खोकायची, पदरानं तोंड पुसून पुन्हा भाकरी थापायची. मला दिसत होतं. पण लोक बोटं चाटून जेवत होते आणि मी वाढता वाढता फुशारक्या मारत होतो. आता त्याची शरम वाटते.

एका रविवारी पुण्याच्या एक बाई तिचे फोटो काढत होत्या. मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "काका, बघा ना, काकूंच्या डोळ्यांत पाणी आलंय. किती मायेनं करतात!"

मी बघितलं. डोळे लालभडक, श्वासासाठी तोंड उघडं. दरसाल मे महिन्यातली सुट्टी संपवून मी निघायचो, तेव्हा वाटेसाठी भाकरी भाजताना तिचे डोळे असेच वाहायचे. माझ्यासाठी रडतेय, असं मी धरून चालायचो. त्याच्या जोरावर लडाखातली थंडी काढली. मग त्या बाईंना कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

"ऊठ," मी बायकोला म्हणालो.

"चार भाकरी ऱ्हायल्यात. गिऱ्हाईक बसलंय."

"ऊठ म्हणतो न्हवं."

तिला उठवून मीच परातीपुढं बसलो. पहिली भाकरी तव्यात टाकतानाच फाटली, दुसरी बाहेरून करपली, आत कच्ची. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. गिऱ्हाइकांनी बिचाऱ्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

संध्याकाळी चूल फोडली, पाटी उतरवली आणि रंगाचा डबा घेऊन अंगणात बसलो. ती उंबऱ्यात बसून अजून दम खात होती. धीर करून विचारलं, "खरं सांग. मी ड्युटीवर निघताना तू रडायचीस, तो समदा धूरच व्हता व्हय?"

तिनं फोडलेल्या चुलीकडं बघितलं.

"मे महिन्यात लाकडं खडखडीत वाळल्याली असत्यात," ती म्हणाली. "तवा कुठला आलाय धूर?"

मी मान वर केली नाही. 'चुलीवरचं' या अक्षरांवर रंग फासत राहिलो.