विभूती आणि आरसा

आष्टीच्या आमच्या कापडदुकानात नव्यानं रेडिमेड शर्ट आले, त्या वर्षी आप्पांची भक्ती एकाएकी वाढली. आंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय माझे वडील कधी जेवत नसत. आता ते एका सकाळी दोनदा, तीनदा आंघोळीला जाऊ लागले. नातेवाईक त्यांना हात जोडू लागले. पुण्याच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी बघणारी मी, शिकलेली शहाणी, मीही हे अभिमानानं सांगत सुटले. खरं कळलं ते आईला. पूजा झाल्याचंच आप्पांना आठवत नव्हतं.

तिनं वाद घातला नाही. ते पुन्हा उठले की ती आरसा समोर धरायची. कपाळावरची पूजेची विभूती दिसली की आप्पा समाधानानं पाटावर बसायचे. मला या बाईचं फार कौतुक वाटायचं, अजून वाटतं.

त्या हिवाळ्यात आप्पांना न्यूमोनिया झाला. ताप उतरला, पण आठवडाभरात त्यांचं भान पार हरवलं. मी घरी पोचताच आईनं विचारलं, "माज्या हातून झालं का गं? त्या दिवशी आरसा धरायला उशीर झाला. गार पाण्यानं दोनदा आंघोळ केली त्यांनी."

मी सांगितलं, तुझा दोष नाही. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात. जंतू आला किंवा काही मोडलं की त्यांच्यातली प्रथिनं ते ओळखून इशारा देतात, मग सूज येते. आप्पांच्या विसरण्याच्या आजारात मेंदूत कचरा साचतो, त्यानं हे राखणदार आधीच चवताळलेले. छातीतल्या आजाराची वर्दी वर पोचली आणि ते घरच्याच पेशींवर उठले, असा आमचा तेव्हाचा अंदाज होता.

"म्हंजे आपल्या कुत्र्यावानी," आई म्हणाली. चोरांवर भुंकायला पाळलेला आमचा कुत्रा शेवटी दूधवाल्याला चावला होता. "मग त्याला गप कसं करायचं?"

ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या शिक्षणाचा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून थोड्याच वेळात आप्पा पुन्हा न्हाणीकडे निघाले. आईनं आरसा धरला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि आतल्या माणसाला अदबीनं नमस्कार केला.

"यांची पूजा झालेली दिसती," ते आईला म्हणाले. "माजी ऱ्हायली."

आईनं आरसा खाली ठेवला आणि चुलीवर पाणी तापत ठेवलं.