अर्ध्या कपाळावरची नागीण

आई गेल्यावर दहाव्या दिवशी मी डोके भादरून घेतले, ते श्रद्धेने नव्हे. थोरल्या दादाशी वाद घालायचे बळ उरले नव्हते, एवढेच. आई आयुष्यभर आमच्या भरे गावातल्या भैरवनाथाला दिवा लावत आली आणि शेवटचे तीन आठवडे एकेका श्वासासाठी तडफडत गेली. मला देवाचा राग आला नाही. राग यायला आधी तो आहे असे तरी वाटावे लागते. संशय मात्र होता, की इतकी वर्षे ती एका रिकाम्या गाभाऱ्याशी बोलत होती.

डोक्याची उजवी बाजू दहाव्याच्या आधीपासून जळत होती. रडण्याचे, जागरणाचे दुखणे असेल म्हणून मी कुणाला बोललो नाही. अकराव्या दिवशी भादरलेल्या डोक्यावर लाल चट्टा उठला, त्यात पाण्याने भरलेले फोड आले आणि संध्याकाळपर्यंत ते भुवईपर्यंत उतरले. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कारण सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. कारण समोरच होते. गावात दाढी-कटिंगचे दुकान चालवणाऱ्या दगडूनानांनी नदीकाठी आम्हा भावांची डोकी एकापाठोपाठ केली होती. त्यांनी पाते बदलले का, हे मी पाहिले नव्हते. पाहिले नव्हते, म्हणजे बदलले नसणारच, अशी माझी खात्री झाली.

बाराव्याच्या सकाळी नाना स्वतःच दारात उभे राहिले. त्यांचा शिधा दहाव्यालाच दिला होता. आता आणखी काही मागायला आले असतील, नाहीतर सारवासारव करायला, असे मला वाटले. ते बसायच्या आत मी विचारले, "नाना, पातं नवं होतं का?"

ते चिडले नाहीत. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले. "वस्तरा आख्ख्या डोक्यावरनं फिरला, मास्तर. डावीकडं एक तरी फोड हाय का?"

कपाळाच्या बरोबर मध्यावर फोड रेघ आखल्यासारखे थांबले होते. इतक्यांदा आरशात पाहूनही ते माझ्या लक्षात आले नव्हते.

"नागीण हाय ही. त्या दिशी ह्या बाजूला हात लागला की तुमी अंग चोरत हुता. घरी गेलो तरी डोक्यातनं जाईना, म्हनून बघाया आलो."

वहिनी आतून म्हणाली, "मंग गेरू उगाळते. लेप लावला की जातीया."

"गेरू ऱ्हाऊ दे, वयनी." नानांनी माझ्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाखवले. तिथे एक बारीक फोड होता. मी त्याला मुरूम समजलो होतो. "हितं आली म्हंजी डोळ्यात उतरती. माझ्या चुलत्याला आमी आठ दिस गेरूच लावत बसलो. डोळा गेला त्यो गेलाच."

"उद्या तेरावा आहे," मी म्हणालो. "तो झाला की जातो."

"तेरावा दादा करत्याल. डोळा दादांचा न्हाई, तुमचा हाय. बसा गाडीवर."

उजवी पापणी सुजून जवळजवळ मिटली होती. नानांच्या खांद्यावर हात ठेवून मी पिरंगुटपर्यंत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बघताक्षणी गोळ्या सुरू केल्या आणि त्याच दुपारी पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडले. बुबुळाला नुकतीच झळ लागली होती. आणखी काही दिवस गेले असते तर नजरेची खात्री देता आली नसती, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? तोच विषाणू मज्जातंतूत वर्षानुवर्षे निजून राहतो आणि शरीर खचले की उठतो.

आल्या होत्या. मी दुसरीत होतो. आई कडुलिंबाचा डहाळा घेऊन उशाशी बसून असायची, मला खाजवू द्यायची नाही. त्या दिवसांचे काहीतरी माझ्या अंगात इतकी वर्षे निजले होते आणि ती गेल्यावर जागे झाले. असे गोड अर्थ लावणाऱ्या माणसांचा मला नेहमी संशय येतो, स्वतःचाही आला.

पुढे काही आठवडे वाचन बंद होते. डोळे मिटून पडल्यावर तेच विचार येत. दादाशी वाद घालून डोके राखले असते, तर नानांचा हात त्या बाजूला लागलाच नसता. नाना आपल्या कामापुरतेच पाहणारे असते, तर मी गेरू लावून तेराव्याची वाट पाहिली असती. हे सारे योगायोग असू शकतात. मी वाद घालणार नाही. पण मला वाटायचे, आधी खात्री पटते आणि मग माणूस शरण जातो. त्या सकाळी मला कसलीच खात्री नव्हती, नानांचीही नाही. मी नुसता मागे बसलो. विश्वास वाटेत कुठेतरी येऊन बसला.

डोळा वाचला. मी पुन्हा वाचतो आहे. त्या दोन दिवसांत नानांच्या डोक्यातून ती गोष्ट ज्याने जाऊ दिली नाही, त्याला मी रोज हात जोडतो. तो कोण, आहे की नाही, हे अजूनही विचारतो. पण हात जोडून झाल्यावर.