पहिल्या शिफ्टचा स्टॉप

बजाजनगरच्या आमच्या शाळेत नववीचा विज्ञानाचा वर्ग आणि माझा मराठीचा वर्ग यांच्यामध्ये नुसता पत्रा आहे. त्यामुळे संध्या मॅडमचा न्यूटन मला दरवर्षी फुकटात ऐकावा लागतो. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नाही. पण संध्याची एक खोड मला आवडते. पुस्तकातलं उदाहरण ती चालवून घेत नाही. "तुमच्या घरातलं, गल्लीतलं सांगा," म्हणते.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. तिचे मिस्टर, राजेंद्र, वाळूजच्या एका कंपनीत फिटर होते. मागच्या दिवाळीनंतर कंपनीला टाळं लागलं. तेव्हापासून हा भला माणूस रोज पहाटे युनिफॉर्म घालून कंपनीच्या बसस्टॉपवर जातो, आणि उन्हं वर आली की मुकाट घरी येतो. "शाळेत कुणाला कळू देऊ नका ताई," एवढंच संध्या मला म्हणाली. रडली असती तर समजूत तरी काढली असती. पण तिला काही वाटेनासंच झालंय. भाजी खारट झालेलीसुद्धा कळत नाही म्हणे.

परवा जडत्वाचा धडा होता. उदाहरण द्यायला शिवम उठला.

"म्याडम, आमच्या स्टॉपवर एक काका येतेत. त्यांची कंपनी कवाच बंद पडली, तरी ब्याग लावून हुभे राहतेत. बाकीच्यांच्या बशा येतेत, जातेत. काका तिथंच!"

वर्ग खदखदून हसला. माझा खडू फळ्यावरच थांबला. पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. पण त्याला तरी काय ठाऊक, ते काका कुणाचे कोण!

"हे कोणतं जडत्व?" संध्यानं विचारलं. आवाज रोजचाच.

"गतीचं. लई वर्षं गेले ना, आता थांबता येईना त्यान्ला."

"बरोबर. लिहून घ्या."

तेवढ्यात सायली म्हणाली, "म्याडम, घरचं कुणी सांगत नाय का त्यान्ला, जाऊ नका म्हणून?"

विषय बदल गं बाई, मी मनात म्हणत होते.

"नाही सांगत," संध्या म्हणाली. "रोज सकाळी त्यांचा डबा मीच भरून देते."

कुणी हसलं नाही. मग तिनं दिशेचं जडत्व शिकवायला घेतलं.